लाईट जायच्या आत

प्रोसेसरचा स्पीड वाढवणं म्हणजे गेमर पोरांचा टाइमपास, असं वाटतं ना? बीड जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी मात्र तो लग्नाची डीव्हीडी वेळेत देण्यासाठी वाढवला जायचा. त्याचीच ही गोष्ट!

"आली रे आली!"

मराठवाड्यात ज्यांनी सुट्ट्या काढल्यात त्यांना ही आरोळी कशाची ते सांगायला नको. लाईट! २००९ चा मे महिना, माझं आजोळ लिंबागणेश, दुपारचे साडेतीन. सकाळी गेलेली लाईट आली की अख्खं गाव एका क्षणात जागं व्हायचं. गिरणीचा पट्टा सुरू, पाण्याची मोटर सुरू, मामी मिक्सरकडे, आम्ही पोरं टीव्हीकडे. आणि माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अर्ध्या ताटावरून उठून थेट दुकानात. चप्पलसुद्धा न घालता.

दुकान म्हणजे घराच्याच पुढची दहा बाय बाराची खोली. बाहेर 'फोटो स्टुडिओ व व्हिडिओ शूटिंग' असा बोर्ड, आत स्वित्झर्लंडच्या धबधब्याचा पडदा आणि कोपऱ्यात एक असेंबल्ड कॉम्प्युटर, ज्याच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं. दादा पॉवरचं बटण दाबायचा आणि कीबोर्डवरचं डिलीट बटण टकटकटक बडवायला लागायचा. विंडोजऐवजी निळा स्क्रीन यायचा. त्यावर पांढरी अक्षरं आणि आकडेच आकडे. एका ओळीत '२००' असायचं. दादा तिथे '२४०' टाकायचा, एफ-टेन दाबायचा आणि मग कुठे विंडोज.

"काय करतोयस रे दादा?" मी सातवीत जाणार होते तेव्हा. पुण्याची भाचीबाई, त्यामुळे प्रश्न फार.

"काय नाही गं. लाईट जायच्या आत लग्न लावायलोय."

हा माझ्या आयुष्यातला ओव्हरक्लॉकिंगचा पहिला धडा. तेव्हा मला कळलं काहीच नाही. पुढे मास कॉम करून फ्रीलान्सिंगला लागले, स्वतःच रात्र-रात्र व्हिडिओ एडिट करायला लागले, तेव्हा एकदम ट्यूब पेटली. बॉस, दादा काय करत होता!

चार तासांचे तीन तास

आधी त्याचा धंदा समजून घ्या. तेव्हा लग्नाचं शूटिंग व्हायचं मिनी डीव्ही टेपवर. एका टेपमध्ये एक तास. ती कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलने कॉम्प्युटरमध्ये उतरवायला बरोब्बर एकच तास लागायचा, कारण टेप चालेल त्याच वेगाने चित्र आत येणार. तिथे तुमचा प्रोसेसर कितीही पळाला तरी उपयोग शून्य. एका तासाच्या चित्राला हार्ड डिस्कवर १३ जीबीच्या आसपास जागा. मग 'मिक्सिंग': हळदीला एक गाणं, वरातीला दुसरं, नवरा-नवरीचे फोटो बदामाच्या आकारात फिरवायचे वगैरे. आणि शेवटी रेंडरिंग, म्हणजे ते सगळं शिजवून डीव्हीडीच्या एमपेग-२ साच्यात ओतणं. खरा घाम तिथे. दादाच्या मशीनवर एका लग्नाला चार तास लागायचे.

आणि लाईट असायची सलग सव्वातीन तास!

त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंगचं पर्व होतं. ज्या भागात वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे लाईट जास्त वेळ बंद, असा हिशोब. मराठवाड्यातल्या खेड्यांच्या वाट्याला दिवसाचे दहा-बारा तास अंधार. दादाकडे यूपीएस होता, पण तो दहा मिनिटांचा सोबती. कॉम्प्युटर नीट बंद करता यावा एवढाच. तीन तास रेंडरिंग झालं आणि लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. तुकडे करून रेंडर करता यायचं, पण मग जोडावर गाण्याचा ठेका तुटायचा आणि पाव्हणे विचारायचे, "इथं काय झालं हो?"

म्हणून वेग. दादाकडे होता इंटेलचा पेन्टियम ड्युअल-कोअर ई-५२००. साधा, स्वस्त, २.५ गिगाहर्ट्झचा. कंपनीचा ३ गिगाहर्ट्झचा ई-८४०० हवा तर किंमत दुपटीच्या आसपास. दादाने शहरातल्या एका मेकॅनिकच्या शिफारशीने मदरबोर्ड मात्र असा घेतला होता की ज्याच्या बायोसमध्ये बसचा वेग आणि व्होल्टेज, दोन्ही हाताने बदलता येतात. बाकीचं ज्ञान 'डिजिट' मासिकाच्या जुन्या अंकांतून आणि चुका करून.

हिशोब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरलेला आकडा. ई-५२०० चा आकडा १२.५. बस २०० ची. २०० गुणिले १२.५ म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ. तो १२.५ कंपनीने कुलूपबंद केलेला, त्याच्या वर जाता येत नाही. पण बस मोकळी! तिला २४० केलं की झाले ३०००. २६६ केलं की ३३२५. आणि मग चार तासांचं काम तीन तासांत. (रॅमसुद्धा बसबरोबर पळायला लागते, म्हणून तिचा रेशो आधीच खाली ठेवायचा. दादाने ८०० ची रॅम ५३३ वर बांधली होती. बस २६६ झाली की ती सातशेच्या थोडी पुढे जायची, म्हणजे मर्यादेच्या आतच.)

सव्वातीन तासांच्या लाईटमध्ये तीन तासांचं लग्न. बसतंय की नाही?

सीताफळांची प्रतवारी

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने २.५ म्हणून विकलेला प्रोसेसर ३.३ वर चालतोच कसा? फुकटात?

आमच्याकडे बालाघाटच्या डोंगरात सीताफळं होतात. एकाच झाडाची फळं, पण बाजाराला नेताना प्रतवारी होते: मोठं, मध्यम, बारीक. कधी मोठ्या फळाला गिऱ्हाईकच नसतं आणि मध्यमच्या क्रेट कमी पडतात. मग मोठं फळ मध्यमच्या क्रेटमध्ये जातं. प्रोसेसरचं थोडंफार तसंच. सिलिकॉनच्या एकाच गोल चकतीवर शेकडो चिप बनतात, मग त्यांची चाचणी होऊन त्यांच्यावर वेगाचा शिक्का बसतो. स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपवरही स्वस्ताचा शिक्का पडतो. शिवाय कंपनी जरा हात राखूनच शिक्का मारते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्या राखलेल्या हातात आपला हात घालणं.

या खेळाचा सुवर्णकाळ सुरू झाला १९९८ मध्ये, इंटेलच्या सेलेरॉन ३००ए पासून. बस ६६ ची, गुणक साडेचार. बस १०० केली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५०! त्याच वेगाचा पेन्टियम-टू कितीतरी महाग होता. मग २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉनवर पोरांनी कमाल केली. या चिपच्या पाठीवरचे काही बारीक जोड तोडलेले असायचे, म्हणजे गुणकाला कुलूप. पोरांनी ते जोड चक्क शिसपेन्सिलीने काळे केले. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, झालं कुलूप उघडं! शाळेच्या कंपासमधल्या पेन्सिलीने प्रोसेसर फास्ट करणं... यापेक्षा कूल काही असू शकतं का?

दुसऱ्या टोकाला आहेत विक्रमवाले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एल्मोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पार नेला. त्यासाठी वर ओतत होते द्रवरूप हेलियम! लिंबागणेशमध्ये दादा काय ओतणार होता? त्याच्याकडे होता टेबलफॅन.

घोडं पेंड खातं उन्हात

इथूनच खरी गंमत सुरू होते. आणि खरं टेन्शनसुद्धा.

वेग वाढवला की चिपला जास्त व्होल्टेज लागतं. लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे व्होल्टेज १.२५ वरून १.४० केलं, तर नुसत्या त्यानेच वीज सव्वापट. त्यावर वेग १.३३ पट. गुणाकार केला की १.६७. पासष्ट वॅटची चिप शंभरीच्या पुढे जाते आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता हवेत सोडायला वर एक ॲल्युमिनियमचा गट्टू आणि पंखा. पण पंखा काही थंड हवा तयार करत नाही हो, खोलीतलीच हवा फेकतो. खोली २५ अंशांवर असेल आणि चिप ६५ वर, तर तीच खोली ४० वर गेली की चिप ८० वर. एकास एक हिशोब.

आणि बीडचा मे महिना! बाहेर एक्केचाळीस-बेचाळीस, वर पत्रा. पाण्याचा कूलर लावावा तर तो आणि गिरणी एकाच वेळी चालू झाल्या की ट्यूबलाईट फडफडायची, म्हणजे लाईनचं व्होल्टेज पडलेलं. खाली लाईन पडतेय आणि वर चिपला जास्त हवंय. कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्तातला एसएमपीएस या दोघांच्या मध्ये चेपलेला. त्यात धूळ. दादा दर पंधरा दिवसांनी दाढीच्या ब्रशने हीटसिंकच्या पट्ट्या झाडायचा. आधी वडिलांचाच ब्रश वापरायचा. मामांना कळल्यावर स्वतःचा घेतला.

तुम्ही म्हणाल, मग उन्हाळ्यात कशाला, हिवाळ्यात करावं की ओव्हरक्लॉकिंग! हिवाळ्यात तो करायचाच. बालाघाटच्या माथ्यावर डिसेंबरची रात्र मस्त गार असते, २६६ वर मशीन लोण्यासारखं चालायचं. पण लग्नं हिवाळ्यात थोडीच असतात! हा जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमाराला निम्मी गावं कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. माणसं परतली की लग्नं. म्हणजे दादाचं वर्षभराचं काम एप्रिल-मेच्या सहा-सात आठवड्यांत कोंबलेलं, बरोबर त्या दिवसांत जेव्हा प्रोसेसर सगळ्यात कमी ताण सोसू शकतो आणि लाईटही सगळ्यात कमी असते. याला म्हणतात टायमिंग!

लिंबागणेशचा गणपती भालचंद्र, कपाळावर चंद्र असलेला. शापातून सुटण्यासाठी चंद्राने इथे तप केलं अशी श्रद्धा आहे. देवाने डोकं थंड ठेवायची सोय करून ठेवलीय, असं दादा म्हणायचा. आपल्यालाच ती नाही.

म्हणून त्याने दोन सेटिंग ठरवल्या. उन्हाळ्याची २४०, हिवाळ्याची २६६. स्वस्त बोर्डच्या बायोसमध्ये सेटिंग सेव्ह करून ठेवायची सोय नव्हती. लग्नाच्या तारखा लिहायची जी लाल डायरी होती, तिच्या शेवटच्या पानावर तो आकडे लिहायचा. तारीख, बस, व्होल्टेज, तापमान, आणि समोर 'चाललं' किंवा 'अडकलं'. अडकलं की काळा स्क्रीन. मग बोर्डवरची ती रुपयाएवढी बॅटरी, सीआर-२०३२, काढायची, जम्पर बदलायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि पुन्हा २०० पासून सुरुवात. एकदा त्याने मला स्क्रूड्रायव्हर धरायला दिला होता. मला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं होतं!

ते चाळीस सेकंद

२०१० च्या मे मध्ये त्याच्याकडे सतरा ऑर्डरी होत्या. २४० वर एक लग्न तीन तास वीस मिनिटं घ्यायचं. लाईट सव्वातीन तास. पाच मिनिटांसाठी अख्खा दिवस वाया! एका दिवशी कंटाळून त्याने उन्हाळ्यातच हिवाळ्याची सेटिंग टाकली. २६६. व्होल्टेज एक घर वर. टेबलफॅन थेट बोर्डवर. आणि मशीन चाललं. हँग नाही, निळा स्क्रीन नाही. तीन तासांत लग्न तयार. दादा एवढा खूश की आम्हाला सगळ्यांना मांजरसुंब्याची रबडी.

आठवडाभर असं चाललं. मग एक बाई डीव्हीडी परत घेऊन आल्या. गावातल्याच. मुलीचं लग्न होतं. मी काउंटरवर बसून चिंच खात होते, त्यामुळे हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी पाहिलंय.

डीव्हीडी लावली. मंगलाष्टका सुरू होत्या. मध्येच स्क्रीनवर हिरवे चौकोन. जातात, परत येतात. मिळून चाळीसेक सेकंद. अक्षता पडतायत आणि अर्धं चित्र हिरवं.

याचं कारण मला फार पुढे कळलं. एमपेग-२ प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या दहा-बारा चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. एका ठिकाणी बेरीज चुकली की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, म्हणजे अर्धा सेकंदभर, ती चूक पुढच्या सगळ्या चित्रांत ओढली जाते. आणि तापलेला, मर्यादेच्या काठावरचा प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असं नाही. कधीकधी तो चालत राहतो आणि मधूनच चुकीचं उत्तर देतो. बंद पडला तर बरं, निदान कळतं तरी! दादाने पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं तपासली होती. तीन तासांचं लग्न कोण तपासणार, पुढचं वाट बघतंय.

"पुन्हा काढून दे बाबा," बाई म्हणाल्या. "तिथं आमच्या सासूबाई हायेत. आता त्या अंथरुणाला खिळल्यात."

दादा काहीच बोलला नाही. कारण पुन्हा काढून द्यायला काही उरलं नव्हतं. हार्ड डिस्क १६० जीबीची, जागा करण्यासाठी मूळ चित्रण उडवलेलं. आणि त्या टेपवर पुढच्या लग्नाची वरात भरलेली. टेप महाग, एकच दोन-तीनदा वापरायचे सगळेच.

त्याने पैसे परत केले. बाईंनी घेतले नाहीत, मामांनी बळेच दिले. अल्बममध्ये आजींचा एक फोटो होता, तो मोठा करून फ्रेम करून दिला. त्या रात्री लाईट आली तेव्हा दादा दुकानात गेलाच नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने सगळे नियम बदलले. गिऱ्हाईक डीव्हीडी बघून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत टेपला हात नाही. आणि कुठलीही सेटिंग बदलली की आधी रात्रभर प्राइम९५. हे सॉफ्टवेअर मुळात अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी बनलेलं. त्यात एक टॉर्चर टेस्ट आहे, ती प्रोसेसरला अशी गणितं घालते ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत. उत्तर चुकलं की तिथेच थांबते आणि सांगते. मशीन चालतंय का, एवढंच ती बघत नाही. मशीन खरं बोलतंय का, ते बघते. दादाचं मशीन मे महिन्यात २४० वरही सहाव्या तासाला खोटं बोललं!

फुकटची मजा संपली

पुढे लोडशेडिंग कमी होत गेलं. आणि इंटेलने जानेवारी २०११ मध्ये सॅण्डी ब्रिज नावाची पिढी आणली, तिने दादासारख्यांचा खेळच बंद केला. या पिढीत बसचा मूळ ठोका बोर्डवरच्या बाकी सगळ्या गोष्टींशी बांधलेला. तो थोडासा हलवला तरी बाकीचं रुसतं. गुणक उघडा हवा तर नावात 'के' असलेला महागडा प्रोसेसर आणि त्याला साजेसा महागडा बोर्ड घ्या. २०१४ मध्ये पेन्टियमच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त जी-३२५८ नावाचा एक स्वस्त आणि उघडा प्रोसेसर आला होता, दादाने तोही घेतला, पण दोन कोअर फुल एचडीच्या एडिटिंगला पुरेनात. गरिबाचा जुगाड होता तो श्रीमंतांचा छंद झाला, आणि माझं स्पष्ट मत, यात आपलं नुकसानच झालं.

शिवाय आता कंपन्या स्वतःच ओव्हरक्लॉक करून विकतात! टर्बो म्हणजे तरी काय? जागा दिसली की चिप आपणहून वेग वाढवते, तापली की कमी करते. पूर्वी राखलेला हात आता फारसा शिल्लक नाही. तो संपला की काय होतं तेही दिसलं. २०२३ मध्ये एएमडीच्या काही रायझन ७००० एक्स-थ्रीडी चिप बोर्डांनी दिलेल्या जादा व्होल्टेजने अक्षरशः जळल्या आणि बायोस अपडेटने व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले महागडे प्रोसेसर कुणी हात न लावताही गडबडायला लागले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि कायमची झिजत होती. इंटेलला नवा मायक्रोकोड काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. हे वाचून मला ते हिरवे चौकोनच आठवले.

मध्यंतरी मी स्वतःचं मशीन बनवलं. रायझन ७ ७७००एक्स, काचेच्या दाराचं कॅबिनेट, आत लाईटिंग, फुल शोबाजी! एप्रिलमध्ये घरातल्या एका लग्नाला लिंबागणेशला जायचं होतं आणि डेडलाइनही होती, म्हणून मशीन गाडीच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून नेलं. पुणे, नगर, जामखेड, पाटोदा. खड्ड्याखड्ड्याला माझा जीव वर. पोचल्यावर दादाला म्हटलं, "दादा, हे जरा फास्ट करून दे ना."

त्याने दहा मिनिटं नुसतं बघितलं. रेंडरिंगला चिप पंचाण्णव अंशांवर. (या पिढीला पंच्याण्णव चालतं असं एएमडीच सांगते, पण बीडच्या एप्रिलमध्ये तो आकडा बघवत नाही.) मग डिलीट बटण बडवलं. आता निळा स्क्रीन नाही, माउस चालतो, रंगीत आलेख असतात. त्याला हवं ते सापडायला वेळ लागला.

"हे तर उलटंच झालं," मी म्हटलं. त्याने इको मोड लावला होता! १४२ वॅटपर्यंत वीज ओढणाऱ्या चिपला ८८ ची मर्यादा.

"बघ तर आधी, मग बोल."

माझं अठरा मिनिटांचं रेंडरिंग एकोणीस मिनिटांत झालं. तापमान सत्तरीत. पंख्याचा आवाज जवळपास गायब. एका मिनिटासाठी मी एवढी वीज आणि उष्णता खर्च करत होते! मग त्याने कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये व्होल्टेज थोडं खाली उतरवलं, म्हणजे तितक्याच विजेत चिप जरा जास्त पळते. आणि अर्थातच रात्रभर टेस्ट. व्होल्टेज कमी करतानाही चिप खोटं बोलू शकते, हे लक्षात ठेवा.

तुम्हाला करायचंच असेल तर? आधी बघा, तुमच्याकडे दार उघडं आहे का. इंटेल असेल तर 'के'वाला प्रोसेसर आणि झेड चिपसेट लागतो. रायझनला बी किंवा एक्स मालिकेतला बोर्ड चालतो. लॅपटॉपमध्ये बहुतेक दारं बंदच असतात. आणि ऑफिसच्या मशीनला हात लावू नका प्लीज, एचआरला काय सांगाल? मूळ सेटिंगचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. एका वेळी एकच आकडा बदला, तोही चिमूटभर. व्होल्टेज सगळ्यात शेवटी. क्लिअर सीमॉसचा जम्पर कुठे आहे ते आधी शोधा. काळा स्क्रीन आल्यावर शोधत बसाल तर हात थरथरतील. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी हवी. आणि जानेवारीच्या रात्री एसी खोलीत जे चाललं ते मे मध्ये चालेलच असं नाही. पुण्यातसुद्धा.

ई-५२०० चं ते मशीन दादाच्या दुकानात अजून आहे. झाकण अजून काढलेलंच. त्यात फायरवायरचं कार्ड आहे ना, जुन्या टेप घेऊन लोक येतात, त्या उतरवून पेन ड्राइव्हवर द्यायला तेच लागतं. लाल डायरीही आहे. मी शेवटचं पान बघितलं. मे २०१० समोर एकच ओळ: 'बस २००. मे महिन्यात हात लावू नये.'

गेल्या वर्षी ती मंगलाष्टकांची नवरी आली होती, दादाने सांगितलं. माहेरी आली की दुकानात डोकावते. डीव्हीडी घासत चालली होती, तिला ती पेन ड्राइव्हवर हवी होती. दादाने बस २०० वर आहे ना ते आधी बघितलं आणि कॉपीला लावलं. हिरव्या चौकोनांसकट सगळं उतरलं.

बरोबर तिची मुलगी होती, सहा-सात वर्षांची. मंगलाष्टका आल्या तशी तिने मुलीला खुर्चीवर उभं केलं आणि स्क्रीनवरच्या एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही बघ," म्हणाली, "इथं तुझी पणजी उभी आहे."